नोवुस, नोवा, नोवुम : लॅटिनमधलं 'नवं' आणि आपलं 'नवं'

आज आपण लॅटिनमधलं एकच विशेषण घेऊन बसणार आहोत. शब्द अगदी साधा आहे. लॅटिन शिकायला लागलं की पहिल्या आठ-दहा दिवसांत तो भेटतो, आणि शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला अर्थ दिसतो तो 'नवा'. नोवुस म्हणजे नवा. यात तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल.

तर एक उदाहरण घेऊ. ज्युलियस सीझरने गॉलमधल्या, म्हणजे साधारणपणे आजच्या फ्रान्सच्या मुलखातल्या, आपल्या मोहिमांचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. त्यात दुम्नोरिक्स नावाचा एक गॉल सरदार येतो. सीझर सांगतो की या माणसाला 'नव्या गोष्टींची' हाव होती. शब्दकोश पाहून आपण भाषांतर करू लागलो, तर आपल्या डोळ्यांसमोर एक जिज्ञासू, हौशी, चारचौघांच्या पुढे असलेला माणूस उभा राहील. सीझरला मात्र म्हणायचं आहे की हा माणूस सत्ता उलथवायला निघाला आहे. इ.स.पू. ५४ मध्ये सीझर ब्रिटनच्या स्वारीवर निघत असताना दुम्नोरिक्स छावणीतून निसटला, तेव्हा सीझरने त्याच्यामागे घोडदळ पाठवलं आणि त्याला मारून टाकलं. आरोपपत्रातला शब्द आपण शाबासकी म्हणून वाचला असता.

म्हणून आजचा विषय असा : नोवुस या विशेषणाची रूपं काय, त्याचा अर्थ काय, आणि 'नवं' म्हटल्यावर रोमन माणसाच्या मनात जे यायचं ते आपल्या मनात का येत नाही. एक खुलासा आधीच करतो. लॅटिन शब्द आपण प्राचीन रोमन उच्चाराप्रमाणे म्हणू, म्हणून 'नोवा'. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'नोव्हा' तो हाच. व्यक्तींची नावं मात्र मराठीत रुळली आहेत तशीच ठेवू.

रूपं : मराठी माणसाला निम्मी आधीच येतात

लॅटिनमध्ये विशेषण हे नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती घेतं. मूळ तीन रूपं अशी : पुल्लिंगी नोवुस, स्त्रीलिंगी नोवा, नपुंसकलिंगी नोवुम. आता संस्कृत शेजारी ठेवा : नवः, नवा, नवम्. आणि मराठी : नवा, नवी, नवं. तिन्ही भाषांत तीन लिंगं, आणि प्रत्येक लिंगाला वेगळं रूप. हिंदी भाषकाला 'नया' आणि 'नयी' एवढीच दोन माहीत असतात. तिसरं लिंग त्याला नव्याने समजून घ्यावं लागतं. आपल्याला ते घरचं आहे. 'नवं घर' म्हणताना आपण नकळत तेच करत असतो.

द्वितीयेची रूपं पाहा. पुल्लिंगी एकवचन नोवुम, संस्कृत नवम्. स्त्रीलिंगी नोवाम, संस्कृत नवाम्. संबोधनात पुल्लिंगी रूप 'नोवे' होतं, संस्कृतात 'नव'. फार जुन्या लॅटिनमध्ये 'नोवुस' ऐवजी 'नोवोस' असंच रूप होतं, ते संस्कृतच्या 'नवस्' ला आणखी जवळचं. षष्ठीत मात्र वाटा फुटतात : लॅटिनमध्ये नोवी, संस्कृतात नवस्य. सगळी विभक्तीरूपं आज पाठ करायची नाहीत. अनेकवचनातली चार लक्षात ठेवा, कारण ती पुढे पुन्हा येणार आहेत : स्त्रीलिंगी प्रथमा नोवाय, द्वितीया नोवास, षष्ठी नोवारुम, आणि चतुर्थी-पंचमी नोविस.

मराठीत विशेषणाच्या विभक्त्या आता उरल्या नाहीत. नामाला प्रत्यय लागला की आपण विशेषणाचं एकच सामान्यरूप वापरतो : नव्या घरात, नव्या वाटेने, नव्या मालकाला. लॅटिनमध्ये तशी सोय नाही. नाम जिथे जाईल तिथे विशेषण त्याच्यामागे जातं.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतात. विशेषण नामाच्या शेपटाशी जुळवायचं नसतं, लिंगाशी जुळवायचं असतं. 'पोएता', म्हणजे कवी, हा शब्द 'आ'कारान्त दिसला तरी पुल्लिंगी आहे. म्हणून नोवुस पोएता. 'दोमुस', म्हणजे घर, हा 'उस'ने संपतो, पण स्त्रीलिंगी. म्हणून नोवा दोमुस. यात विचित्र काही नाही. आपणही 'नवा शिपाई' म्हणतो, 'नवी शिपाई' म्हणत नाही.

गोतावळा

हे साम्य योगायोगाचं नाही. लॅटिन, संस्कृत, ग्रीक, फारसी, रशियन, इंग्रजी या एकाच कुळातल्या भाषा, आणि 'नवा' हा त्या कुळातला अतिशय टिकाऊ शब्द. ग्रीकमध्ये नेओस, रशियनमध्ये नोवी, इंग्रजीत न्यू. पारशी बांधवांचा नवरोज म्हणजे 'नवा दिवस'. त्यातला 'नव' फारसीतून आला, पण तो नोवुसचाच सख्खा नातेवाईक. मूळ शब्दात पहिला स्वर ऱ्हस्व 'ए' होता. ग्रीकने तो राखला, लॅटिनमध्ये पुढच्या 'व'मुळे त्याचा 'ओ' झाला, आणि संस्कृतात जुने ऱ्हस्व ए, ओ आणि अ हे तिन्ही 'अ'मध्ये मिसळून गेले.

शब्द एकच असला तरी त्याला चिकटलेला भाव प्रत्येक घरी वेगळा झाला. आपल्याकडे 'नव' पासून 'नवल' झालं, 'नवलाई' झाली. 'नवरा' आणि 'नवरी' या शब्दांची व्युत्पत्तीही 'नववर' वरून देतात. दिवाळीत व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. नव्याचं कौतुक नऊ दिवसच टिकतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण ते नऊ दिवस तरी कौतुक असतंच.

लॅटिनमध्ये नोवुसपासून घरातलं एक नातं तयार झालं : 'नोवेर्का'. अर्थ सावत्र आई. घरात आलेली 'नवी' बाई. रोमन साहित्यात नोवेर्का म्हटली की ती दुष्टच, हा ठरलेला साचा. आपल्याकडेही सावत्र आईच्या कहाण्या आहेत, पण आपण त्या नात्याचं नाव सवतीवरून घेतलं. रोमन माणसाने ते 'नवी' या विशेषणावरून घेतलं. या शब्दाचा रोमन स्वभाव काय होता, याची पहिली खूण इथे मिळते.

इ.स.पू. ६३ : एक विशेषण, तीन नामं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. इ.स.पू. ६३ या एका वर्षात रोममध्ये हे विशेषण तीन नामांना लागलेलं दिसतं, आणि त्या तिन्ही ठिकाणी माणसांचं आयुष्य पणाला लागलेलं होतं.

पहिलं नाम 'होमो', म्हणजे माणूस. होमो नोवुस : नवा माणूस. ज्याच्या घराण्यात याआधी कुणी उच्च पदावर, विशेषतः कॉन्सुलपदावर, पोचलेलं नाही असा माणूस. कॉन्सुल हे प्रजासत्ताकातलं सर्वोच्च वार्षिक पद. दरवर्षी दोघे निवडून येत. मानाच्या घराण्यांत दिवाणखान्यात पदाधिकारी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवलेले असत, आणि घरातल्या कुणाची अंत्ययात्रा निघाली की ते मुखवटे घालून माणसं चालत. नव्या माणसाच्या घरात तो कोनाडा रिकामा. मागे कुणीच नाही, असा 'नवा'.

सिसेरो असा होता. जन्म इ.स.पू. १०६, गाव आर्पिनुम, रोमपासून बाजूला पडलेलं. त्याच गावाने आधी मारिउस हा आणखी एक नवा माणूस दिला होता, तो इ.स.पू. १०७ मध्ये पहिल्यांदा कॉन्सुल झाला. मोठा काटो, इ.स.पू. १९५ चा कॉन्सुल, तोही नवाच. पण अशी उदाहरणं विरळ. सिसेरो ६३ साठी निवडून आला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं एकही नवा माणूस त्या पदावर बसला नव्हता. इतिहासकार सॅलस्ट सांगतो की सरदार घराण्यांना वाटायचं, माणूस कितीही लायक असो, तो नवा असेल तर त्याच्यामुळे कॉन्सुलपद विटाळेल. विटाळाची ही भाषा आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

त्याच सॅलस्टच्या लेखनात कातिलिना हा खानदानी, पण निवडणूक हरलेला आणि कर्जात बुडालेला पुढारी भर सभेत सिसेरोला रोममधला भाडेकरू नागरिक म्हणून हिणवतो. सिसेरो जन्माने रोमन नागरिकच होता. पण शहर जणू काही घराण्यांच्या मालकीचं, आणि हा त्यात खोली घेऊन राहणारा.

दुसरं नाम 'रेस', म्हणजे गोष्ट, स्थिती, कारभार. रेस नोवाय : शब्दशः नव्या गोष्टी, अर्थ सत्तापालट, बंड. रेस स्त्रीलिंगी, म्हणून नोवाय. 'रेबुस नोविस स्तुदेरे' हा वाक्प्रचार भेटला तर नव्या विद्यार्थ्याला वाटतं, 'नव्या गोष्टींचा अभ्यास करणे'. 'स्तुदेरे' पासूनच तर इंग्रजीतला स्टुडंट आला! पण त्या क्रियापदाचा मूळ अर्थ एखाद्या गोष्टीसाठी झटणे, आणि त्याला चतुर्थी लागते. पूर्ण अर्थ : राज्यव्यवस्था उलथण्यासाठी झटणे. दुम्नोरिक्सवरचा आरोप हाच. कातिलिनावरचाही हाच.

तिसरं नाम 'ताबुला', म्हणजे पाटी, हिशेबाची फळी. ताबुलाय नोवाय : नव्या पाट्या. जुन्या कर्जाच्या नोंदी पुसून कोऱ्या पाट्या घ्यायच्या, म्हणजे कर्जमाफी. कातिलिनाने आपल्या साथीदारांना हेच आश्वासन दिलं होतं. ही हवेतली कल्पना नव्हती, इ.स.पू. ८६ मध्ये एका कायद्याने कर्जाचा फक्त चौथा हिस्सा फेडायचा, बाकी माफ, असं प्रत्यक्ष झालेलं होतं. म्हणून ऋणकोच्या कानाला हा शब्द गोड, आणि धनकोच्या पोटात गोळा आणणारा. आपल्या दुकानदाराची नवी वही मंगल असते, कारण जुनी येणी तो तिच्यात उतरवून घेतो. रोमच्या नव्या पाटीवर तीच उतरवली जाणार नव्हती.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायची खरी, पण शेवट गंमतीचा नाही. स्वतः 'नवा' म्हणून हिणवला गेलेला सिसेरो हाच 'नव्या गोष्टीं'विरुद्ध जुन्या व्यवस्थेचा रक्षक झाला. डिसेंबरमध्ये त्याने कातिलिनाच्या पकडलेल्या पाच साथीदारांना लोकांपुढे खटला न चालवता ठार करवलं. पुढे इ.स.पू. ५८ मध्ये त्याच कारणावरून त्याला हद्दपारी भोगावी लागली. आत घेतलं जाण्यासाठी नव्या माणसाला जुन्यांपेक्षा जास्त जुनं व्हावं लागतं, हे यात स्पष्ट दिसतं. ही गोष्ट रोमपुरती आहे का, हा विचार श्रोत्यांवर सोडतो.

सर्वांत नवा म्हणजे शेवटचा

या भावाची साक्ष व्याकरणसुद्धा देतं. विशेषणाच्या तीन पायऱ्या आपल्याला माहीत आहेत : गुरु, गरीयस्, गरिष्ठ. लॅटिनमध्ये 'अधिक नवा' असं रूप वापरात जवळजवळ नाहीच. 'सर्वांत नवा' हे रूप आहे : नोविस्सिमुस. पण त्याचा नेहमीचा अर्थ 'शेवटचा'. सीझरच्या लेखनात 'नोविस्सिमुम आग्मेन' म्हणजे सैन्याच्या रांगेची पिछाडी. रांगेत सर्वांत नंतर आलेला सर्वांत मागे उभा राहतो, हा तर्क सरळ आहे. पुढे ख्रिस्ती लॅटिनमध्ये मृत्यू, न्याय, स्वर्ग, नरक या चार 'अंतिम' गोष्टींनाही हाच शब्द लागला.

वॅरो हा सिसेरोच्याच काळातला भाषापंडित. तो नोंदवतो की त्याच्या आठवणीत काही वृद्ध मंडळी नोविस्सिमुस हा शब्द वापरायचं टाळत, कारण तो शब्द फारच नवा होता!

आता 'जुना' पाहू. लॅटिनमध्ये जुन्यासाठी दोन शब्द नेहमीचे. 'वेतुस' म्हणजे पुष्कळ वर्षं चालत आलेला. याचं मूळ 'वर्ष' या अर्थाच्या शब्दात आहे. आपले वत्सर आणि वत्स त्याच मुळाचे, म्हणजे आपलं वासरू हे वेतुसचं लांबचं भावंड. दुसरा 'आन्तिकुउस', म्हणजे पूर्वीचा, मान असलेला. या आन्तिकुउसचं 'अधिक' दाखवणारं रूप भरपूर वापरात आहे, आणि त्याचा अर्थ होतो 'अधिक महत्त्वाचं'. 'मला याहून जुनं काही नाही' असं रोमन माणूस म्हणाला, तर त्याचा अर्थ 'मला याहून प्रिय काही नाही'.

पूर्वजांना ते 'मायोरेस' म्हणत. माग्नुस म्हणजे मोठा, मायोर म्हणजे अधिक मोठा, मायोरेस म्हणजे 'थोरले'. हा माग्नुस संस्कृत 'महत्'चा नातलग, आणि त्यातला 'इओर' हा प्रत्यय संस्कृत 'ईयस्'चा. मराठीत आपणही 'थोर' आणि 'थोरला' एकाच शब्दाने सांगतो. तेव्हा हिशेब असा : अधिक जुनं ते अधिक मोलाचं, आणि सर्वांत नवं ते सर्वांत शेवटचं.

याउलट ऋग्वेदात 'नवीयस्' आणि 'नविष्ठ' ही दोन्ही रूपं आहेत, आणि देवाला नवं स्तोत्र अर्पण करण्यात ऋषी भूषण मानतात. पहिल्याच सूक्ताच्या दुसऱ्या ऋचेत अग्नी हा जुन्या आणि नव्या दोन्ही ऋषींनी स्तवन करण्याजोगा आहे असा आशय येतो. एकाच मुळातून आलेला शब्द, पण एका घरी त्याला पाट मांडला आणि दुसऱ्या घरी दारात थांबवलं.

रोममध्येही नव्याला गिऱ्हाईक होतं

चित्र एकरंगी करू नये. कॅटुलस हा सिसेरोच्या काळातला तरुण कवी आपल्या कवितांच्या पुस्तकाला आनंदाने 'नवं' म्हणतो. अशा कवींना 'नवे कवी' हे नाव दिलं ते सिसेरोने, आणि त्यात कौतुकाचा सूर नव्हता.

बाजारात एका ठिकाणी नवं महाग होतं : गुलामांच्या बाजारात. नुकताच आणलेला गुलाम तो 'नोविकिउस'. नोव्हिस हा शब्द इथूनच आला. मुरलेल्या गुलामापेक्षा असा नवखा माणूस आपल्या मर्जीप्रमाणे वळवता येतो असं गिऱ्हाइकांना वाटे. म्हणून विक्रेते मुरलेल्यांना नवखे म्हणून खपवत, आणि तसं करू नये असा नियम बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी केला होता.

आणि राज्यकर्ते? बदल तर ते करतच होते. पण ऑगस्टसने प्रजासत्ताकाची जागा एकट्याच्या सत्तेने घेतली, तेव्हा ती गोष्ट जुनं सावरल्याच्या थाटात केली. आपल्या कारकिर्दीच्या आढाव्यात तो सांगतो की नवे कायदे करून आपण पूर्वजांचे विस्मरणात चाललेले दाखले परत आणले. 'नवे' हा शब्द येतो, पण लगेच 'पूर्वज' त्याच्या जामिनाला उभे राहतात.

शब्दाचा रंग बदलतो

पुढच्या शतकांत हा रंग पालटत गेला. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या लॅटिन रूपात 'नोवुम तेस्तामेन्तुम' आला. तेस्तामेन्तुम नपुंसकलिंगी, म्हणून नोवुम. पॉलच्या पत्रांत तर 'नवा माणूस' परिधान करा असा उपदेश आहे. ज्या दोन शब्दांनी सिसेरोला खाली पाहायला लावलं, तेच दोन शब्द आता उद्धार झालेल्या माणसाचं वर्णन झाले.

मग सोळाव्या-सतराव्या शतकातली पुस्तकांची नावं पाहा. त्यांतून विशेषणाची तिन्ही लिंगं आपोआप पाठ होतात. १५०३ च्या सुमारास व्हेस्पुचीच्या नावावरचं पत्र छापलं गेलं : 'मुन्दुस नोवुस', नवं जग, पुल्लिंग. १६०९ मध्ये केप्लरचं 'आस्त्रोनोमिया नोवा', नवं खगोलशास्त्र, स्त्रीलिंग. १६२० मध्ये बेकनचं 'नोवुम ओर्गानुम', नवं साधन, नपुंसकलिंग. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्राचे ग्रंथ 'ओर्गानोन' या नावाने ओळखले जात. त्या नावाआधी फक्त 'नोवुम' लावून बेकनने दोन हजार वर्षांच्या गुरूला आव्हान दिलं. रोमन सिनेटमध्ये जो आरोप ठरला असता, ती इथे जाहिरात झाली.

१५७२ च्या नोव्हेंबरमध्ये टायको ब्राहेला शर्मिष्ठा तारकासमूहात पूर्वी नसलेला तारा दिसला. पुढच्या वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. 'स्तेल्ला', म्हणजे तारा, स्त्रीलिंगी. म्हणून 'नोवा स्तेल्ला'. कालांतराने नाम गळून पडलं आणि विशेषणच नाम झालं : नोव्हा. आज आपल्याला कळतं की टायकोचा तो तारा सुपरनोव्हा होता, म्हणजे एका ताऱ्याचा शेवटचा स्फोट. नोवा आणि नोविस्सिमा इथे एकाच जागी आले.

आपल्या परिसरात

या शब्दाची वंशावळ आपल्या अगदी जवळ येऊन पोचते ती गोव्यात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बार्देश व साष्टी घेतली. या 'वेल्यास कॉन्किस्तास', जुन्या काबिजादी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, सांगे, केपे, काणकोण, पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग त्यांच्या हाती आला. या 'नोवास कॉन्किस्तास', नव्या काबिजादी. हे 'नोवास' ओळखीचं वाटलं का? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं स्त्रीलिंगी द्वितीयेचं अनेकवचन! लॅटिनच्या विभक्त्या गळल्या तेव्हा पोर्तुगीजने अनेकवचनासाठी द्वितीयेचंच रूप ठेवलं.

'वेल्या'ची कथाही ऐकण्यासारखी आहे. वेतुसचं लाडकं रूप 'वेतुलुस', बोलण्यात ते झालं 'वेक्लुस'. कुणा शुद्धलेखनप्रेमीने केलेली एक जुनी यादी उपलब्ध आहे. तीत वेक्लुस म्हणू नये, वेतुलुस म्हणावं अशी ताकीद आहे. लोकांनी ती ऐकली नाही. त्या 'अशुद्ध' वेक्लुसपासून पोर्तुगीज 'वेल्यो' आणि 'वेल्या' झाले, आणि त्याच नावाने 'वेल्या गोवा', म्हणजे जुनं गोवं, ओळखलं गेलं. १८४३ मध्ये पणजीला नाव मिळालं 'नोव्हा गोवा'.

आता प्रश्न असा की नवं कुणासाठी? सोळाव्या शतकात साष्टीतल्या देवळांवर संकट आलं तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपार फोंड्याच्या बाजूला नेण्यात आली, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. म्हणजे फोंडा 'नवा' झाला तेव्हा तिथल्या प्रियोळला आणि कवळ्याला या देवांचं वास्तव्य होऊनच दोनशे वर्षं झाली होती, आणि ती गावं त्याहूनही जुनी. नवी होती ती फक्त जिंकणाऱ्याच्या वहीतली नोंद. मुन्दुस नोवुसचंही तेच : तिथे हजारो वर्षं राहणाऱ्यांना ते जग नवं नव्हतं. या विशेषणाच्या आत बोलणारा नेहमी दडलेला असतो, आणि अर्थ लावताना आधी त्याला शोधावं लागतं.

सह्याद्रीत आजही पाली, बेडूक, वनस्पती यांच्या नव्या जाती शोधल्या जातात. शोधनिबंधात त्या नावापुढे जातीसाठी 'स्पेकिएस नोवा' आणि प्रजातीसाठी 'गेनुस नोवुम' यांची संक्षिप्त रूपं लिहितात. स्पेकिएस स्त्रीलिंगी, गेनुस नपुंसकलिंगी. आणि इथेही नवी असते ती नोंद. बेडूक त्या ओहोळात आधीपासून ओरडत होताच.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

प्रश्न : नोव्हेंबरचा नोवुसशी संबंध आहे का?

नाही. तो 'नोवेम', म्हणजे नऊ, यावरून आला. रोमन वर्ष मार्चपासून मोजत तेव्हा तो नववा महिना होता. पण पाहा, संस्कृतातही 'नव' म्हणजे नऊ आणि 'नव' म्हणजे नवा. या दोन शब्दांचं मूळ एक असावं असा तर्क काहींनी केला आहे. सिद्ध झालेला नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या डॉलरवर 'नवी जागतिक व्यवस्था' असं लॅटिनमध्ये लिहिलं आहे, हे खरं का?

रूपं पाहिली की उत्तर मिळतं. तिथे आहे 'नोवुस ओर्दो सेक्लोरुम'. ओर्दो, म्हणजे क्रम, पुल्लिंगी, म्हणून नोवुस. सेक्लोरुम ही षष्ठी अनेकवचनी : 'युगांचा'. म्हणजे युगांचा नवा क्रम. जगाचा उल्लेखच नाही. १७८२ च्या राजमुद्रेसाठी चार्ल्स थॉमसनने ही शब्दयोजना व्हर्जिलच्या एका ओळीवरून बेतली. मूळ ओळीत त्या क्रमाला 'माग्नुस', म्हणजे थोर, म्हटलं आहे, 'नोवुस' थॉमसनचं. आपण नवे आहोत हे अभिमानाने सांगायचं होतं ना!

प्रश्न : पोपच्या 'रेरुम नोवारुम' या प्रसिद्ध पत्राचं नाव 'नव्या गोष्टींविषयी' असं सांगतात, ते बरोबर का?

हे पत्र तेराव्या लिओचं, १८९१ चं, कामगारांच्या स्थितीविषयी. अशा पत्राला त्याच्या पहिल्या शब्दांवरून ओळखतात. इथली षष्ठी पुढच्या 'लालसा' या अर्थाच्या शब्दावर अवलंबून आहे. तेव्हा अर्थ होतो 'रेस नोवायची लालसा', म्हणजे उलथापालथीची लालसा. पत्र पुढे कामगारांच्या योग्य मजुरीच्या आणि संघटनेच्या हक्काची बाजू घेतं, पण पहिल्या दोन शब्दांत तीच कातिलिनाच्या काळची धास्ती आहे. दोन हजार वर्षांनंतरही विशेषण जुन्या अर्थाने जिवंत होतं.

पुढच्या वेळी 'लिबेर', म्हणजे स्वतंत्र, हे विशेषण घेऊ. येताना एवढंच करा : आज घरी गेल्यावर वर्तमानपत्रात 'नवा' हा शब्द कुठे कुठे आला आहे ते पाहा, आणि प्रत्येक ठिकाणी तो कुणासाठी नवा आहे ते समासात लिहा.